मेडिकल कॉलेजात पहिल्यांदाच कल्चरल सेक्रेटरी झालेल्यास

अभिनंदन! घाबरू नकोस, पण गॅदरिंगची थीम आणि टी-शर्टच्या रंगात पहिले पंधरा दिवस घालवू नकोस. आम्ही घालवले होते.

आधी तारीख. विद्यापीठाचं वेळापत्रक बघ, प्रिलिम आणि टर्मिनल परीक्षा टाळ, मगच डीनसरांकडे लेखी अर्ज घेऊन जा. हजेरीचंही आत्ताच विचार. थिअरीला ७५ आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के लागतात, आणि तालमीत बुडालेली पोरं नंतर तुझ्याच नावानं खडे फोडतात.

दुसरं म्हणजे आवाज. आपलं कॉलेज रुग्णालयाला खेटून आहे. शांतता क्षेत्र रुग्णालयाभोवती किमान १०० मीटरचं असतं, म्हणून डीजे नाइटचा हट्ट सोड. बंद सभागृह घे. उघड्या मैदानावर रात्री १० नंतर स्पीकर नकोच.

पैशाबाबत दोनच गोष्टी:
- स्पॉन्सरनं तोंडी कबूल केलेली रक्कम बजेटमध्ये धरू नकोस.
- प्रत्येक खर्चाची पावती त्याच दिवशी, अगदी वडापावचीही.

क्रिकेटचे सामने सकाळी लवकर लाव. इंटर्न नाइट ड्युटी करून थेट मैदानावर येतात (आणि जिंकतातही, का ते देव जाणे). तिथं पाणी आणि प्रथमोपचार पेटी ठेव. डॉक्टरांच्या कॉलेजात हीच विसरली जाते!

स्मरणिका, सेलिब्रिटी वगैरे पुढच्या वर्षी.