गज भट्टीत घालू नकोस

सप्रेम आशीर्वाद.

तुझं रेखाचित्र पाहिलं. मातीच्या धडातून 8 मिलिमीटरचा लोखंडी गज आरपार गेलाय, आणि तो ओल्या मातीतच बसवून सगळं एकदम भाजायचा बेत दिसतो. तसं करू नकोस. स्टोनवेअरची, म्हणजे जास्त तापमानाला भाजून दगडासारखी घट्ट होणारी, माती ओली असल्यापासून 1220 अंश सेल्सिअसला भाजून निघेपर्यंत 10 ते 13 टक्के आक्रसते. गज तसूभरही आक्रसत नाही. माती त्याच्याभोवती आवळत जाते आणि बहुधा सुकतानाच उभी तडकते. दोन्ही वेगवेगळं घडव, भाजल्यावर जोड.

आधी तुझ्या मातीचं आक्रसणं मोज. पुरवठादाराच्या कागदावरच्या आकड्यावर विसंबू नकोस. पाणी किंवा भट्टीचं तापमान थोडं इकडेतिकडे झालं की तो बदलतो. 1 सेंटिमीटर जाडीच्या 5 पट्ट्या लाट, ओल्या असतानाच प्रत्येकीवर नेमकी 100 मिलिमीटरची रेघ ओढ. सुकल्यावर, कच्च्या म्हणजे पहिल्या भाजणीनंतर आणि ग्लेझच्या, म्हणजे वरच्या काचेसारख्या लेपाच्या, भाजणीनंतर ती मोज. समजा, शेवटी 88 भरली. मग 200 मिलिमीटरची वस्तू हवी तर 200 ला 0.88 ने भाग, 227 येतात. इंजिनिअर मंडळी 12 टक्के मिळवून 224 धरतात आणि तिथेच 3 मिलिमीटर कमी पडतात. भोकाचंही तेच. माती आक्रसली की भोक मोठं होईल असं वाटतं, पण तेही लहानच होतं. 8 च्या गजाला भाजल्यावर 11 चं भोक हवं, म्हणजे ओल्या मातीत साडेबाराचं पाड.

धड पोकळ ठेव, भिंत सगळीकडे सारखी.

जोडताना गजाचं एक टोक सावकाश घट्ट होणाऱ्या इपॉक्सी गोंदात पक्कं कर, दुसरं रबरासारख्या लवचिक सिलिकॉनमध्ये सैल राहू दे, पुलाच्या बेअरिंगसारखं. उन्हात लोखंड मातीपेक्षा जास्त प्रसरण पावतं. दोन्ही टोकं जखडलीस तर ताण मातीवर येतो. भोकात ग्लेझ जाऊ देऊ नकोस, गुळगुळीत काचेवर इपॉक्सी नीट धरत नाही.

तडा गेलाच तर वस्तू फेकण्याआधी त्याची कड नीट बघ. ग्लेझची कड वितळून गोलसर झाली असेल तर तडा आधीचाच होता, सुकवण्यात किंवा पहिल्या भाजणीत घाई झाली. कड बोटाला लागेल इतकी धारदार असेल तर तो थंड होताना गेलाय. 573 अंशांजवळ मातीतलं क्वार्ट्झ हे खनिज थंड होताना एकदम आकसतं, म्हणून तिथून भट्टी सावकाश उतरू दे, आणि 100 अंशांखाली येईपर्यंत दार उघडू नकोस.

पट्ट्या भाजून झाल्या की पाचही मापं कळव. भोकाचा आकडा त्यावरून पक्का करू. तोवर धड करायला घेऊ नकोस.