साडेआठचा फोन

माई, सप्रेम नमस्कार.

मी गोव्यात माशेलला राहते. प्राथमिक शाळेत मराठी शिकवून चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. यजमान गेले त्याला दीड वर्ष झालं. मुलगी आणि जावई इंग्लंडात, स्विंडनला. घर जुनं, कौलारू, राजांगणाचं, म्हणजे मधोमध उघडा चौक असलेलं, आणि मी एकटी. म्हणून मुलीच्या आग्रहाखातर पणजीहून ओळखीतल्या एका घरची तीन वर्षांची मांजरी आणली. तिची मालकीण म्हातारपणाने वारली, मुलांना मांजर नको होतं. आषाढातल्या चिखलकाल्याच्या, म्हणजे आमच्याकडच्या चिखलातल्या उत्सवाच्या, आदल्या आठवड्यात आणली, त्याला पाच आठवडे झाले. नाव मनी.

आल्या दिवसापासून ती माजघरातल्या शिसवी कपाटाखाली आहे. जेवण रात्री, मी निजल्यावर. हात पुढे केला की फिस्कारते, दोनदा बोचकारलंन. दूध देते, खारे बांगडे भाजून देते, दिवसभर हाका मारते. सकाळी पाव विकणाऱ्या पदेराचा भोंगा वाजला की मात्र ही बया खिडकीत बसलेली असते, मी दिसले की पुन्हा कपाटाखाली. रोज रात्री साडेआठला मुलीचा व्हिडिओ कॉल येतो, तेव्हा दाखवायला तेवढी बाहेर काढते. बाकी मी तिला कसलाही त्रास देत नाही. हिला प्रेम कळतच नाही का? परत पाठवू का?

— एक हताश आई

* * *

ताई,

‘तेवढी बाहेर काढते.’ तुमच्या पत्रातल्या या तीन शब्दांखाली मी लाल रेघ मारली आहे. तुम्ही जन्मभर वह्या तपासल्यात, लाल रेघ कशाला मारतात ते मी सांगायला नको.

कशी काढता ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण मला दिसतंय. साडेआठला पाच मिनिटं कमी असताना तुम्ही गुडघे धरत कपाटापाशी बसता. आधी लाडिक हाक. मग हात. हात पुरत नाही, मग केरसुणीची मूठ. ती कोपऱ्यातून सरकली की मानगूट पकडायची, छातीशी दाबायची. तेवढ्यात फोन वाजतो आणि चार बोटांच्या अंतरावरून एक चौकोनी उजेड ओरडायला लागतो, ‘मनीऽ, ए मनूऽ, इकडे बघ!’ केरसुणीबद्दल माझा अंदाज चुकला असेल तर माफ करा. बाकीचं चुकलेलं नाही. पाच आठवडे म्हणजे पस्तीस रात्री, आणि बोचकारे फक्त दोन. ताई, ही मांजरी फारच सोशिक आहे.

मांजराला घड्याळ कळत नाही, पण दिवसाची घडी पक्की कळते. ताटली कधी वाजते हे ते जितक्या लवकर शिकतं तितक्याच लवकर कोण कधी पकडायला येतं हेही शिकतं. आता पदेराकडे बघा. सायकलवरून येणाऱ्या त्याच्या भोंग्याने माझ्यासारखी बाई सकाळी दचकून उठते. तुमची ‘भित्री’ मांजरी त्या आवाजाला खिडकीत येऊन बसते! कारण पदेर पाव देतो आणि पुढे जातो. मनीची चौकशी तो करत नाही, तिला उचलूनही घेत नाही. म्हणजे आवाजाने, परक्या माणसाने किंवा तुमच्या मोठ्या घराने तिला धास्ती भरलेली नाही. धास्ती आहे ती तुमच्या हाताची. प्रेमाने पुढे केलात म्हणून तो तिच्या लेखी वेगळा हात होत नाही.

आता जरा बोचेल असं लिहिते. हा साडेआठचा खेळ मनीसाठी नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. तो स्विंडनसाठी आहे. तिथे तेव्हा दुपारचे चार वाजलेले असतात, लेक फोन लावते, आणि तिला दिसायला हवं की आई एकटी नाही, आईच्या मांडीवर कोणीतरी आहे. मांजर घे म्हणून आग्रह तिने केला, तुम्ही आणलंत, आणि तेव्हापासून रोज पोच देताय. खाली सहीदेखील ‘एक हताश आई’ अशी केलीत. मांजराची तक्रार करणाऱ्या बाईला सहीत आई कशाला लागते?

लेकीला मी पाठीशी घालणार नाही. दीड वर्षापूर्वी वडील गेले आणि आईची काळजी तिने चार पायांच्या कोणाकडे तरी सोपवली. तिकडून तिला तेवढंच जमत असेल, मान्य. पण रोज फोनवर पहिला प्रश्न ‘मनी कुठाय?’ असेल, तर दुसऱ्या प्रश्नाची वेळ येतच नसणार. आणि तुम्हालाही ते सोयीचं पडत असेल. मांजर समोर धरलं की स्वतःचा चेहरा दाखवावा लागत नाही.

तेव्हा एकच करायचं. आजपासून साडेआठला मनीला हात लावायचा नाही. फोन घेऊन माजघरातून बाहेर पडा, सोप्यावर जाऊन बसा, मध्ये दार ओढून घ्या. मोबाइल आपल्या तोंडासमोर धरा. लेकीने विचारलं, ‘मनी कुठाय?’ तर सांगा, ‘कपाटाखाली. मी इथे आहे, बोल.’ पहिले दोन दिवस तिला चुकल्यासारखं वाटेल, तुम्हाला त्याहून जास्त. ‘आज खरंच करमलं नाही’ असं एखादं वाक्य तोंडून निसटेल. निसटू दे.

मांजर आणणारे जाणकार एक हिशेब सांगतात: घाबरणं ओसरायला तीन दिवस, घराची रीत कळायला तीन आठवडे, घर आपलं वाटायला तीन महिने. तुम्ही म्हणाल, पाच आठवडे तर झाले. कसले झाले? रोज रात्री साडेआठला तुम्ही ते पुसून पुन्हा पहिल्या दिवसावर आणत होतात. उद्यापासून मोजा.

कपाटाखालून तिला हुसकू नका, उलट तिथे एक खोका सरकवून द्या, आडवा, तोंड भिंतीकडे असलेला. लपायला जागा मिळाली की मांजर लवकर धीट होतं. हॉलंडमधल्या उट्रेक्टच्या संशोधकांनी मांजरांच्या निवाऱ्यात हे करून पाहिलं आणि 2014 साली छापलं: ज्या नव्या मांजरांना लपायला खोका दिला ती बिनखोक्याच्या मांजरांपेक्षा लवकर सावरली. आपल्याला वाटतं, लपू दिलं तर लपूनच राहील. तसं होत नाही. राजांगणाचं अख्खं घर तिला आत्ता नकोच आहे. माजघर पुरे, तिथेच ताटली, तिथेच पाणी, आणि वाळूचं घमेलं ताटलीपासून लांबच्या कोपऱ्यात.

पणजीहून येताना तिच्याबरोबर तिथलं काही आलं होतं का? एखादं फडकं, जुनी चादर? असेल आणि तुम्ही धुऊन वाळत घातली असेल, तर झालं ते झालं. नसेल तर त्या घरी फोन करा आणि म्हातारीच्या बिछान्यावरचं न धुतलेलं काहीही मागून घ्या. मांजर घर ओळखतं ते नाकाने. कपाटाच्या पायाला, दाराच्या कडेला ते गाल घासतं आणि आपला वास तिथे ठेवून जातं, मग ती जागा त्याची होते. ती जिथे गाल घासेल ते महिनाभर पुसू नका, मला ठाऊक आहे तुमच्या हाताला हे जड जाणार आहे. माजघराची लादी फिनेलने तर मुळीच पुसू नका. फिनॉल असलेली द्रव्यं मांजराच्या लिव्हरला निकामी करता येत नाहीत. पंजाला लागलेलं ते चाटतं आणि विषबाधा होते.

खारे बांगडे बंद. तेवढं मीठ मांजराला सोसत नाही. मासेमारीची बंदी 31 जुलैलाच उठली, आता ताजं नुस्तं मिळतंय, ते बिनमिठाचं उकडून, काटे काढून थोडं द्या. बाकी मांजराचं तयार खाणं किंवा उकडलेली कोंबडी द्या, कांदा-लसूण न लागलेली. दूध बहुतेक मोठ्या मांजरांना पचत नाही, त्याचा तुम्ही चहा करा. रात्री का होईना ती जेवते याचं मला हायसं वाटलं. ज्या दिवशी ताटली लागोपाठ दोन सकाळी भरलेली दिसेल त्या दिवशी मात्र मला पत्र लिहीत बसू नका, जनावरांच्या डॉक्टरांना गाठा. उपाशी मांजराच्या लिव्हरवर चरबी साचते आणि मांजर हातचं जातं.

बोचकाऱ्यांचं तुम्ही ‘दोनदा’ म्हणून सोडून दिलंत. रक्त आलं होतं का? साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुतलंत का? मनीला रेबीजची लस दिल्याचं कार्ड पणजीच्या घराकडे आहे का? असो वा नसो, तुमच्या आरोग्य केंद्रात जाऊन हात दाखवून या. उद्याच.

हाका मारणंही थांबवा. दिवसभर ‘मनी, मनी’ करणारी बाई म्हणजे मनीच्या दृष्टीने दिवसभर शिकारीवर असलेली बाई. पण आवाज तिच्या कानावर पडायला हवा, तुमचाच. श्रावण आहे, घरात पोथी वाचली जात असेलच. ती देवासमोर वाचून झाली की पुढचं काहीतरी माजघरात बसून वाचा. पोथी नाही तर वर्तमानपत्र. जमिनीवर बसा, कपाटाकडे पाठ करून. सावकाश, वर्गात वाचायचात तसं. तिला आत चौथीतल्या मुलीसारखी ऐकू दे, नावाने पुकारू नका. कधीतरी ती कपाटाच्या कडेपर्यंत येऊन बघेल. तेव्हा टक लावून बघायचं नाही, मांजरांत ते भांडण काढणं असतं. डोळे अर्धे मिटा, सावकाश मिटा, सावकाश उघडा, आणि नजर वळवा. थट्टा नाही ही. ससेक्स विद्यापीठाच्या मंडळींनी 2020 साली हे पडताळून पाहिलं आहे: माणसाने असे डोळे मिटले की मांजरंही तसंच उत्तर देतात, आणि पुढे केलेल्या अनोळखी हाताजवळ जास्त येतात. ससेक्सही इंग्लंडातलंच, तेव्हा लेकीला हे फोनवर सांगा, तिचा विश्वास लवकर बसेल.

आमच्या म्हापशाच्या घरात माझ्या सासूबाईंनी पोत्यातून एक बोका आणला होता. सासूबाई त्याच्यामागे वाटी घेऊन फिरायच्या आणि तो जाऊन बसायचा माझ्या सासऱ्यांच्या खुर्चीखाली, ज्यांनी त्याला एकदाही नावाने हाक मारली नाही. सासूबाई शेवटपर्यंत म्हणायच्या, ‘कृतघ्न मेलो.’ तुमच्या ‘हिला प्रेम कळतच नाही का’वरून मला त्या आठवल्या. तुमच्या मनीला एक माणूस होतं, ते गेलं. त्याच्याच चादरीवर ती झोपत असणार. एके दिवशी चादर, माणूस, घर सगळंच गेलं आणि पिंजऱ्यातून ती माशेलला आली. त्यानंतर काय होतं, घरात कोणत्या कोपऱ्यात बसावंसं वाटतं, कोणी अंगावर हात ठेवायला आलं तर कसं वाटतं, हे दीड वर्षापूर्वीचे दिवस आठवून तुम्हीच मला सांगू शकाल.

परत पाठवू नका. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तीन आठवड्यांवर आहे. घर भरेल, गणपतीवर फळा-फुलांची माटोळी बांधायला शिड्या येतील, घुमट-शामेळ या वाद्यांनी राजांगण दणाणेल, पोरं फटाके लावतील. ते दिवस माजघराचं दार बंद, ताटली-घमेलं-खोका आत, आणि दारावर तुमच्या ठळक अक्षरात कागद: ‘आत जाऊ नये.’ भावजयांनी, पुतण्यांनी कितीही म्हटलं तरी दाखवायचं नाही. लेक येते आहे की नाही ते पत्रात नाही. साडेआठला विचारा. आलीच, तर तिलाही सांगा, कपाटाखाली वाकायचं नाही.

— माई