देवगडच्या शाळेतल्या २० संगणकांवर नेटवर्कवरून आपोआप डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) कसं टाकायचं? राउटरची सेटिंग बदलता येत नाही.

राउटरला हात लावायची गरजच नाही. एका लॅपटॉपवर डीएनएसमास्क हा छोटा सर्व्हर प्रोग्रॅम ‘प्रॉक्सी डीएचसीपी’ म्हणून चालवा. आयपी पत्ता राउटरच देईल, बूट फाइल कुठली ते लॅपटॉप सांगेल. त्यातच टीएफटीपी (बूट फाइली पाठवणारी सेवा) सुरू करा आणि डेबियनचं नेटबूट पॅकेज उलगडून ठेवा. सगळं वायरवर, वायफायवर नको.

बहुतेकांचं घोडं अडतं ते इथे: जुन्या बायोसला (यंत्र सुरू करणारा अंगभूत प्रोग्रॅम) पीएक्सईलिनक्सची बूट फाइल लागते, त्याच्या जागी आलेल्या यूईएफआयला ग्रबची. दोघांना एकच दिली की निम्मी यंत्रं काळ्या पडद्यावर थांबतात. पडद्यावर ‘ई५३’ हा एरर दिसला तर बूट फाइलचं नाव पोचलेलं नाही, लॅपटॉपच्या फायरवॉलमध्ये यूडीपी पोर्ट ६७ आणि ४०११ उघडा. ‘ई३२’ म्हणजे टीएफटीपी अडलंय, पोर्ट ६९ बघा.

इन्स्टॉलर विचारतो त्या भाषा, पार्टिशन, पासवर्ड यांची उत्तरं प्रीसीड फाइलमध्ये लिहा. लॅपटॉपवर ॲप्ट-कॅशर-एनजी (उतरवलेली पॅकेजं साठवून ठेवणारा प्रोग्रॅम) ठेवलंत तर पॅकेजं इंटरनेटवरून एकदाच उतरतील.

आणि हे कृपा करून विसरू नका: बूट क्रमात नेटवर्क कायमचं पहिलं ठेवू नका, त्या वेळेपुरतं एफ१२ दाबून निवडा (काही यंत्रांत कळ वेगळी असते). पावसाळ्यात आपल्याकडे वीज सारखी जाते-येते; लॅपटॉप चालू राहिला, तर परत सुरू झालेलं प्रत्येक यंत्र डिस्क पुसून नव्याने इन्स्टॉल करायला लागेल, मुलांच्या फाइलींसकट.