बीफ खिमा आणि मशरूमचं क्रीमी जेवण अर्ध्या तासात कसं करायचं?

होतं आरामात, फक्त मशरूम आधी वेगळे परता, हेच सगळ्यात महत्त्वाचं, कारण त्यांना खूप पाणी सुटतं आणि खिम्यासोबतच टाकले की सगळं उकडल्यासारखं लागतं. मोठ्या आचेवर, मीठ न घालता, कडा लालसर झाल्या की बाजूला काढा. मग त्याच पॅनमध्ये ५०० ग्रॅम खिमा, सारखा ढवळू नका, खालून मस्त ब्राऊन होऊ द्या, खरी चव तिथेच येते. नंतर कांदा, लसूण, २ चमचे मैदा, दीड कप स्टॉक (मटण-चिकनची हाडं किंवा भाज्या उकळून गाळलेलं पाणी), १० मिनिटांत दाट होतं. गॅस बंद करून मगच अर्धा कप सावर क्रीम (आंबवलेली घट्ट साय) घाला, उकळत्यात घातलं तर फाटतं. मशरूम परत टाका, भरपूर मिरपूड, आणि गरमागरम पास्त्यावर घ्या.