‘खाल्लंच पाहिजे’मधला ‘च’

माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या पालकांचे हंगाम ठरलेले असतात. मे-जूनमध्ये टक्केवाले, दिवाळीनंतर मोबाइलवाले. डब्याचे पालक मात्र बारमाही. ‘काही खातच नाही’, ‘पाकीट फोडल्याशिवाय संध्याकाळ जात नाही’ ही त्यांची जुनी वाक्यं. हल्ली त्यात एका नव्या वाक्याची भर पडली आहे : ‘मॅडम, मुलांसाठी हेल्दी, प्लांट-बेस्ड असं काहीतरी सांगा ना.’ हे इतक्यांदा ऐकलं, की एकदा लिहूनच टाकावं म्हटलं. पुढची गोष्ट एका घराची नाही. तीन-चार घरांची मिळून केली आहे आणि ओळखू येईल असं सगळं बदललं आहे.

आई कोथरूडची, आयटीतली. मुलगा सात वर्षांचा, दुसरीत. त्याला आपण चिरंजीव म्हणू. हे चिरंजीव दिवसाला तीन मोठे मग दूध प्यायचे, चॉकलेटची पावडर घालून. पोट दुधानेच भरलेलं, मग जेवणाला जागा कुठली? हिमोग्लोबिन साडेदहा निघालं. या वयात ते साडेअकराच्या वर हवं. बालरोगतज्ज्ञांनी लोहाचं औषध दिलं आणि दूध कमी करायला सांगितलं. आईने ‘कमी’चं ‘बंद’ केलं, बिस्किटं हद्दपार केली आणि रात्री जागून मोबाइलवर पाककृती साठवायला घेतल्या.

पहिल्या भेटीत तिने त्या मला दाखवल्या. चाळीसएक तरी असतील. चिया, किन्वा, अ‍ॅव्होकाडो, बदामाचं दूध. बीटचे आप्पे, पालकाची बदामाच्या आकाराची हिरवी इडली.

‘‘हे सगळं करून झालं मॅडम. तो हात लावत नाही. मला फक्त अशी यादी द्या, जी तो खाईलच.’’

यादी द्यायला मला दहा मिनिटं लागली असती. मी तिला कालची संध्याकाळ सांगायला लावली.

‘‘साडेपाचला आप्पे केले. म्हटलं, निदान तीन तरी संपवलेच पाहिजेत. तो म्हणाला नको. मी म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलंय, खावंच लागेल. मग मी मोबाइल लावून दिला, दीड आप्पा गेला. मग सासूबाईंनी आतून बिस्किट आणलं, म्हणाल्या, आप्पा संपव म्हणजे हे देते. मी चिडले. तो रडला. साडेसातला बिस्किटं खाल्लीनच. रात्री जेवला नाही.’’

माझ्यावर अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धतीचा पगडा आहे, हे मला ओळखणाऱ्यांना माहीत आहे. माणूस परिस्थितीने जितका हैराण होतो, त्याहून जास्त तो तिच्याबद्दलच्या स्वतःच्या हट्टाने होतो, असं या पद्धतीत आम्ही मानतो. आणि मराठीत हा हट्ट पकडायला फार सोपा, कारण तो एका अक्षरात मावतो. मी कागदावर रेघा ओढत होते. पंधरा मिनिटांत अकरा ‘च’ झाले होते.

कागद तिच्यापुढे सरकवला. ती हसली, पण पटलं नव्हतं. ‘‘आईने एवढंही म्हणायचं नाही का?’’

‘‘म्हणा ना. ‘त्याने खावं असं मला फार वाटतं’ म्हणा. ‘खाल्लंच पाहिजे’ म्हटलं की त्याने नाही खाल्लं तर काय होतं?’’

‘‘मी आई म्हणून नापास होते,’’ ती पटकन म्हणाली. मग गप्प झाली.

दुसऱ्या भेटीत नवराही आला. त्याचं म्हणणं एवढंच, की आम्ही लहानपणी मिळेल ते खायचो. सगळ्यांचेच वडील हे म्हणतात, त्यामुळे तो भाग सोडून देते.

तिसऱ्या भेटीला संक्रांतीची सुट्टी होती, म्हणून चिरंजीवही बरोबर आले. माझी खोली सदाशिव पेठेत आहे आणि मंडई चालत जाण्याएवढी जवळ. त्या दिवशी मी सकाळीच ओल्या हरभऱ्याची मोठी गड्डी आणली होती, ती कोपऱ्यात पिशवीतून डोकावत होती. (यात काही योजना नव्हती. माझ्या एका विद्यार्थिनीला वाटतं, की मी ती मुद्दाम ठेवली होती. वाटू दे.)

आम्ही दोघी बोलत होतो. तो सतरंजीवर बसून पिशवीशी चाळा करत होता. त्याने एक डहाळी ओढली. घाटा दोन बोटांत दाबला. टप्. आतला हिरवागार दाणा बघितला, परत सालात ठेवला, परत काढला. मग तोंडात टाकला. बोटं चाटली, कारण हरभऱ्याच्या पाल्यावर आणि घाट्यांवर ती आंब असते. ‘‘आंबट आहे,’’ असं स्वतःशीच म्हणाला आणि दुसरा फोडला. मी बोलणं चालू ठेवलं. चौथा, सातवा, दहावा. फरशीवर सालांचा ढीग जमायला लागला.

मग आईचं लक्ष गेलं.

‘‘अरे वा! खातोयस तू! मॅडम, बघा ना, घरी हरभऱ्याकडे बघत नाही! खा खा, अजून खा, प्रोटीन असतं त्यात!’’

हात थांबला. फोडलेला घाटा त्याने तसाच पिशवीत टाकला, हात चड्डीला पुसले आणि उठून खिडकीशी जाऊन रस्त्यावरच्या रिक्षा बघायला लागला.

अशा वेळी तोंड बंद ठेवणं मला जमायला बरीच वर्षं लागली. मी काही बोलले नाही. भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं.

‘‘मी... काय केलं मी?’’

‘‘तुम्हीच सांगा.’’

‘‘मी खा म्हटलं.’’ ती थांबली. तिने त्या सालांकडे बघितलं. ‘‘तो खातच होता की!’’

सबंध दिवसातला एवढा एक ‘च’ मला आवडला.

आम्ही खुर्च्या जराशा फिरवून घेतल्या आणि तिच्या ऑफिसबद्दल बोलत बसलो. पाच-सात मिनिटांनी मागून आवाज आला. टप्. ती वळणार होती. मी तिच्या मनगटावर हात ठेवला. टप्. टप्. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ती मला तिच्या मॅनेजरबद्दल सांगत होती.

त्या दुपारी मला जे लख्ख दिसलं ते असं : पोराची जीभ हरभऱ्याच्या विरुद्ध नव्हतीच. त्या घरात खाणं ही आईची परीक्षा झाली होती आणि पेपर मुलाच्या हातात होता. सात वर्षांच्या माणसाच्या ताब्यात अशा कितीशा गोष्टी असतात? शाळेची वेळ, कपडे, क्लास, सगळं दुसरे ठरवतात. तोंड मात्र त्याचं. ते बंद ठेवता येतं. आणि बिस्किटाचं म्हणाल, तर ‘हे संपव म्हणजे ते देते’ म्हटल्याबरोबर ‘हे’ म्हणजे शिक्षा आणि ‘ते’ म्हणजे बक्षीस, हे आपणच त्याला शिकवतो.

मी तिला कामांची वाटणी करून दिली. ही वाटणी माझी नाही. एलिन सॅटर या अमेरिकी आहारतज्ज्ञ बाईंनी ती मांडली आहे. काय द्यायचं, कधी आणि कुठे बसून खायचं, हे आईबापांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती खायचं, हे मुलाने. इतकंच. ऐकायला सोपं, पण कोथरूडच्या स्वयंपाकघरात पहिले चार दिवस जीव घेणारं.

आता खाऊचं. ते सांगितल्याशिवाय तुम्ही मला सोडणार नाही, तीही सोडत नव्हती. तिला म्हटलं, ते प्लांट-बेस्ड का काय म्हणता, ते तुमच्या आजीच्या डब्यात होतंच. फुटाणे, चुरमुरे, गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याचा लाडू, तिळाची वडी. उकडलेल्या शेंगा किंवा उकडलेलं रताळं. भाजणीचं तळहाताएवढं थालिपीठ. मुगाचं नाहीतर नाचणीचं धिरडं. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, दूध कमी झालेल्या घरात तिची आठवण ठेवावी. दडपे पोहे. मोड आलेल्या मटकीची ओली भेळ, वर लिंबू. पेरूच्या फोडी तिखट-मीठ लावून. लिंबू आणि पेरू मी उगाच म्हणत नाही. डाळी-कडधान्यांतलं लोह अंगी लागायला क जीवनसत्त्वाची मदत होते. पोह्यांवर लिंबू पिळणाऱ्या आपल्या बायकांना हे कुणी शिकवलं होतं कोण जाणे. उलट त्याच वेळी चहा दिला तर लोह कमी शोषलं जातं, म्हणून ‘घोटभर चहा घे रे’ हे लाड नकोत.

रोज दोनच गोष्टी मांडायच्या. एक त्याला आवडते ती, केळं वगैरे, आणि एक नवी, चमचाभर. नवी राहिली तर राहू दे. उचलायची, टोमणा मारायचा नाही, चार दिवसांनी परत मांडायची. नवा पदार्थ आपलासा व्हायला मुलांना आठ-दहा, कधी पंधरा वेळाही तो समोर यावा लागतो. आपण दुसऱ्यांदाच ‘त्याला नाही आवडत’ असा शिक्का मारून मोकळे होतो. खाऊ पाचला, जेवण आठला, मधे पाणी. आणि सोलायचं, निवडायचं, मळायचं काम त्याच्याकडे द्यायचं. ज्याने मटार सोलले तो निम्मे तिथेच खातो, हे आपल्याला माहीत आहे.

काही गोष्टी मात्र ठणकावून सांगते. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे देऊ नका, घशात अडकतात. कूट करून द्या. गूळ म्हणजे औषध नव्हे, तीही साखरच, आणि चिक्की दातांना चिकटते. दूध-दही पूर्ण बंद करणार असाल तर आधी डॉक्टरांशी बोला, कारण बी-१२ वनस्पतींतून मिळत नाही. मूल दोन-तीन पदार्थांपलीकडे जातच नसेल, घास घेताना उमासे येत असतील किंवा वजन उतरत असेल, तर त्याला नखरे म्हणू नका. ते आधी तपासून घ्या.

पहिले चार दिवस चिरंजीवांनी फक्त केळी खाल्ली. आईने मला रोज रात्री मेसेज केला, मी रोज फक्त ‘बरं’ एवढंच उत्तर दिलं. पाचव्या दिवशी थालिपीठाची कडा गेली. मधलं भोक कुरकुरीत असतं, असा शोध त्याला आठव्या दिवशी लागला आणि मग भोकं जास्त पाडायची फर्माईश आली. बीटचे आप्पे त्याने आजतागायत खाल्लेले नाहीत. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन बाराच्या आसपास आलं. त्यात मोठा वाटा डॉक्टरांच्या औषधाचा आणि कमी झालेल्या दुधाचा, माझा नाही. संध्याकाळी त्या घरातला आवाज उतरला, त्याचं थोडं श्रेय मात्र मी घेते.

मागच्या आठवड्यात ती आली तेव्हा म्हणाली, ‘‘मॅडम, माझा ‘च’ बराच गेलाय. पण सासूबाईंच्या कपाटातला बिस्किटांचा डबा तिथेच आहे.’’

‘‘मग पुढच्या वेळी त्यांना घेऊन या.’’

‘‘विचारलं मी. म्हणाल्या, मी कशाला येऊ? मला काय झालंय?’’