सुट्टीनंतरचा पहिला अलार्म: जुन्या सीएनसी लेथची प्रश्नोत्तरे

गणपतीला शॉप पाच दिवस बंद होतं. उघडून मशीन चालू केलं तर एक्स आणि झेड दोन्ही अक्षांना ३०० अलार्म. रीसेट मारून जात नाही. कंट्रोल (मशीन चालवणारा संगणक) फॅनुक ०आय-मेट. इलेक्ट्रॉनिक कार्ड गेलं का? (उद्यमबाग, बेळगाव)

कार्ड गेलेलं नाही. कुणी ते काढून न्यायला आला तर देऊ नका. आपण कुठे उभे आहोत हे अक्ष विसरलेत, एवढाच ३०० चा अर्थ. मशीन बंद असताना एन्कोडरची (अक्षाची जागा मोजणाऱ्या भागाची) आठवण सहा व्होल्टच्या बॅटरीवर टिकते. त्या डब्यात टॉर्चला घालतात तसे चार जाड सेल असतात. डबा उघडून बघा, स्प्रिंगवर पांढरट भुकटी साचलेली असेल. ऑपरेटरलाही विचारा, आधी ३०७ किंवा ३०८ दिसत होता का. तो बॅटरी संपत आल्याचा इशारा असतो आणि बहुतेक ठिकाणी रीसेट मारून काम चालू ठेवतात.

स्प्रिंग घासून साफ करा, चारही सेल एकदम बदला, अल्कलाइनच घाला. कंट्रोल चालू आणि इमर्जन्सी दाबलेली ठेवूनच बदला. मग दोन्ही अक्ष हँडलने हळू थोडे लांबवर हलवा. या वेळी सॉफ्ट लिमिट (कंट्रोलने घातलेली हालचालीची हद्द) राखणीला नसते, म्हणून टरेट (हत्यारं धरणारा भाग) जॉब पकडणाऱ्या चकपासून लांब ठेवा. मशीन एकदा बंद-चालू करा. मशीनवाल्याने कोरलेल्या खुणेवर अक्ष आणा, पॅरामीटर १८१५ मधला एपीझेड बिट (जागा पक्की झाली हे कंट्रोलला सांगणारा) १ करा, पुन्हा बंद-चालू करा. त्यासाठी पॅरामीटर राइट (बदल करायची परवानगी) उघडल्यावर १०० अलार्म येणारच. राइट ० करून कॅन आणि रीसेट ही बटणं एकत्र दाबली की तो जातो.

खूण जुळवताना घाई करू नका. एक्समध्ये अर्धा मिलिमीटर चुकला तर जॉबच्या व्यासात एक मिलिमीटर फरक पडतो. पहिला जॉब सिंगल ब्लॉकवर (एका वेळी प्रोग्रॅमची एकच ओळ), फीड कमी ठेवून काढा आणि मोजा.

पुढचे सेल खंडेनवमीला बदला. हार घालायला मशीनपाशी जातोच आपण, आणि वर्षातून एकदा बदलणं पुरेसं होतं.

रात्री वादळात लाइट गेली, सकाळी आली. आता हायड्रॉलिक प्रेशरचा अलार्म, चक पकडत नाही. पंपाचा आवाज येतो. पंप खराब? (मच्छे)

पंपाला हात लावण्याआधी मोटरच्या पंख्याकडे बघा. तो बाणाच्या उलट फिरत असेल तर लाइन जोडताना फेज अदलाबदल झालेत. ड्राइव्हला (अक्षांच्या मोटरना वीज देणाऱ्या युनिटला) सहसा फरक पडत नाही, म्हणून स्क्रीन नीट चालू होते आणि सगळ्यांचा संशय पंपावर जातो. कूलंटची धारही बारीक झाली असेल तर खात्रीच धरा. मेन बंद करून इलेक्ट्रिशियनकडून येणाऱ्या तीनपैकी कुठल्याही दोन फेज बदलून घ्या. उलटा पंप चालवत ठेवू नका, तो कोरडा घासतो. एका शॉपमध्ये नवा पंप बसवल्यावरही प्रेशर येईना, तेव्हा मला बोलावलं. बाण बघायला अर्धा मिनिट लागला. मालकाचे पैसे गेले याचं मला आजही वाईट वाटतं.

जुलैभर सकाळी ४०१ येतो, दुपारी मशीन नीट चालतं. (खानापूर रोड)

४०१ म्हणजे ड्राइव्ह तयार नाही, एवढंच. कारण त्याच्यासोबत आलेल्या दुसऱ्या अलार्ममध्ये शोधा. मशीन बंद करण्याआधी अलार्मचं पूर्ण पान आणि ड्राइव्हवरचा आकडा, दोन्हींचा फोटो काढा. सोबत ४३८ असेल तर करंट जादा जातोय. उन्हं वर आल्यावर बरं होतं यावरून मला ओल वाटते. मोटरच्या कनेक्टरमध्ये कूलंट शिरलाय का ते उघडून बघा. मग मेगर (इन्सुलेशन मोजायचं मीटर) लावा, पण मोटरच्या वायरी ड्राइव्हवरून काढूनच, नाहीतर ड्राइव्ह जाईल. मेन बंद केल्यावर चार्जचा लाल दिवा विझेपर्यंत आत हात नको. ५०० व्होल्टला १०० मेगओमच्या वर आलं तर मोटर चांगली, १ च्या खाली आलं तर बदलायचीच. मधलं असेल तर मोटर सुकवून पुन्हा मोजा. ४०१ एकटाच येत असेल तर ड्राइव्हची वीज जोडणारा कॉन्टॅक्टर आणि इमर्जन्सीची लाइन तपासा.

ल्यूबचा (वंगण तेलाचा) अलार्म येतो, टाकी भरलेली आहे. (होनगा)

तेलाची पातळी दाखवणारा फ्लोट चिकटलाय. टाकी काढून गाळ धुवा, जाळी साफ करा, आणि स्लाइडवेचंच (अक्ष ज्यावर सरकतात त्या पट्ट्यांचं) ६८ नंबर तेल भरा. हायड्रॉलिकचं ६८ नको, ते स्लाइडवर टिकत नाही.