एडीएचडी असलेल्या माणसाला आतून कसं वाटतं? हा खरंच आजार आहे की आळस?

तुमच्या बहिणीला एडीएचडीचं, म्हणजे लक्ष आणि चंचलपणा आवरता न येण्याच्या अवस्थेचं, निदान झालंय, पण आवडती मालिका ती चार-चार तास बघते, म्हणून तुम्हाला शंका आहे. माझा थोरला भाऊ मला वर्षानुवर्षं हेच विचारत आलाय, म्हणून लिहायला बसले.

घराच्या कागदांवर माझी सही हवी होती. कागद टेबलावर, पेन शेजारी. येता-जाता दिसायचा. सही करायची हे माहीत होतं, करायची इच्छाही होती. तरी हात जायचा नाही. "आता करते" म्हणून खुर्ची ओढली की त्याच क्षणी न भरलेलं बिल, सकाळी अर्धवट राहिलेलं बोलणं, खिडकीबाहेरचा आवाज, सगळं एकाच जोराने डोक्यात शिरायचं. त्यातलं आधी काय आणि नंतर काय, हे डोकं ठरवतच नाही. मग शरम वाटायला लागते, आणि शरमेपोटी त्या कागदाकडे बघणंही नको होतं. बाहेरून मी नुसती बसलेली दिसत होते. आत दिवसभर झटापट चालू होती आणि संध्याकाळपर्यंत मी गळून गेले होते.

त्याच रात्री शिलाई मशीनचा दोरा अडकला. मशीन खोललं, पहाटेपर्यंत दुरुस्त करत बसले. तहान-भूक काही जाणवलं नाही. सकाळी दादा म्हणाला, "मशीन जमतं, सही जमत नाही. सोयीचा आजार आहे तुझा."

दादा चूक होता, आणि तुमची शंकाही त्याच जागी चुकते. लक्ष कमी नसतं. ते हवं तेव्हा, हवं तिकडे वळवता येत नाही. काम नवं असेल, आवडीचं असेल किंवा मुदत अगदी उरावर आली असेल, तर ते आपोआप चिकटतं आणि मग सुटत नाही. मेंदूत निरोप पोचवणाऱ्या डोपामिन आणि नॉरएपिनेफ्रिन या रसायनांशी याचा संबंध आहे. जुळ्यांवरच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा वाटा साधारण ७० ते ८० टक्के निघतो. काही खुणा वयाच्या १२ वर्षांआधीपासून असाव्या लागतात, त्यामुळे चाळिशीत आळस आला म्हणून हे निदान होत नाही. मोबाइलला दोष देणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की जॉर्ज स्टिल या ब्रिटिश डॉक्टरांनी अशा मुलांचं वर्णन १९०२ सालीच केलं होतं. मुली वर्गात दंगा न करता नुसत्या हरवलेल्या असतात, म्हणून त्या बऱ्याचदा निदानातून सुटतात. मीही सुटले.

बहिणीला "मनावर घे" म्हणू नका. मनावर तिने कधीच घेतलेलं असतं. त्यापेक्षा ती कंटाळवाणं काम करत असताना शेजारी आपलं काही घेऊन गप्प बसा. माझी सही शेवटी अशीच झाली, वहिनी शेजारी भाजी निवडत बसली होती तेव्हा.

अर्थात सगळ्यांचं माझ्यासारखंच असेल असं नाही. अपुरी झोप, थायरॉइड, चिंता, नैराश्य यांतही लक्ष उडतं, म्हणून निदान मानसोपचारतज्ज्ञांकडूनच हवं. मिथाइलफेनिडेटसारख्या औषधांचा अनेकांना चांगला उपयोग होतो, मात्र आधी रक्तदाब आणि हृदयाची तपासणी होते. औषध घ्यायचं की नाही, हे तिने आणि डॉक्टरांनी ठरवावं. भावाने नाही.